जाळीवाल्या बिल्डिंगचा सरकारी मान

आमची बिल्डिंग ऐतिहासिक आहे हे सगळ्यात आधी मी म्हणालो, एवढं सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवतो. कारण समोरच्या फ्लॅटमधला जोकिम हल्ली सगळ्यांना सांगत सुटलाय की आयडिया त्याची होती. त्याची आयडिया काय होती, सांगू? गच्चीवर भाजी लावायची. दुबईत, ऑगस्टमध्ये. तर ते असो.

झालं असं की दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या हातात एक नोटीस पडली. मालकाला ही बिल्डिंग पाडून टॉवर बांधायचा आहे, वर्षभरात जागा खाली करा. आमची बिल्डिंग म्हणजे तीन मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या बाजूला तळापासून गच्चीपर्यंत सिमेंटची जाळी. फुलाफुलांची. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायची गरज नाही, ‘जाळीवाली बिल्डिंग’ म्हटलं की पठाण असो की मल्याळी, बरोबर दारात आणून सोडतो. निकाह करून अजराला रत्नागिरीहून आणली ती थेट या घरात. आमच्या मुलीचं, नबिलाचं, पहिलं पाऊल इथल्याच जिन्यावर पडलं, आणि पहिला दातही तिथेच.

“शारजाला जाऊ या, अब्बा,” नबिला म्हणाली. “बिगर फ्लॅट, कव्हर्ड पार्किंग, अँड अ जिम.”

“जिममध्ये मी काय करू? कपडे वाळत घालू?”

“यू आर सो ड्रॅमॅटिक.”

अजरा बांगडे साफ करत होती. सगळे साफ करून झाले, हात धुतले, आणि मग म्हणाली, “मी नाय जाणार. तुम्हाला जायचं तर जा.” झालं. तीन शब्दांत तिने मामला माझ्या गळ्यात घातला. बायको एकदा ‘मी नाय जाणार’ म्हणाली की ती जागा वाचवायची जबाबदारी नवऱ्याची, हा कायदा कुठल्याही देशात लागू आहे.

मी एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो. म्हणजे कागद हे माझं शेत. त्यामुळे पेपरात जेव्हा वाचलं की सरकार आता फक्त किल्ले आणि बुरूजच नाही, तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या साध्या बिल्डिंगांनासुद्धा वारशाच्या यादीत घेणार आहे, आणि यादीत आलेली बिल्डिंग कुणाला पाडता येणार नाही, तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली.

“अजरा! आपली बिल्डिंग ऐतिहासिक आहे!”

“आधी बाथरूमचा नळ बघा,” ती आतून म्हणाली. “तो पण ऐतिहासिक झालाय.”

गच्चीवर मीटिंग घेतली. जोकिम आला, वसईचा माणूस, एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट सांभाळतो, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलताना ‘गेस्ट’ हा शब्द आलाच पाहिजे. त्याची बायको पॉलिन आली. पहिल्या मजल्यावरचा विलास पाटील आला. विलासचं तिकडे अबू धाबीजवळ मुसफ्फाला अॅल्युमिनियमचं वर्कशॉप. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर अॅल्युमिनियमचा इलाज आहे अशी त्याची पक्की श्रद्धा. या माणसाला लक्षात ठेवा.

“नूरभाय,” जोकिम म्हणाला, “यादीत यायला हिस्टरी लागते. आपल्याकडे हिस्टरी काय?”

मग हिस्टरीवर चर्चा सुरू झाली. पॉलिन म्हणाली, पंच्याऐंशी साली सगळ्या करामात पाणी गेलेलं तेव्हा फक्त आपल्या टाकीत होतं. विलास म्हणाला, शारजाची क्रिकेट मॅच बघायला आपल्या गच्चीवर शंभर माणसं आणि एक टीव्ही होता. जोकिमला आठवलं की त्याच्या लग्नाआधी बॅचलर रूममध्ये आठ जण राहायचे, एकाची चप्पल दुसरा घालून कामाला जायचा. मग मलाही आठवलं. आईला चिठ्ठी लिहायचा कंटाळा यायचा म्हणून मी कॅसेटवर बोलून पाठवायचो, आणि बाजूला जोकिम गाणी म्हणायचा, ती पण भरायची. आई गावाहून उलट कॅसेट पाठवायची, त्यात पाच मिनिटं रडणं, मग ‘तो गाणारा कोण, त्याला गप्प कर’. सगळे हसले. मग हसणं आपोआप ओसरलं, कारण कॅसेट पाठवणारी आणि ऐकणारी अर्धी माणसं आता राहिलेली नाहीत. अर्ज करायचं एकमताने ठरलं.

अर्ज ऑनलाइन. मी कागदाचा माणूस, पण म्हटलं बघू. पहिलाच प्रश्न: जागेचा प्रकार. पर्याय होते किल्ला, बुरूज, मशीद, विहीर, बाजार, इतर. मी ‘इतर’ दाबलं. ‘इतर म्हणजे काय ते लिहा.’ मी लिहिलं. चालेना, अरबीतच पाहिजे. ऑफिसातल्या इजिप्शियन सहकाऱ्याला विचारलं, ‘तीन मजली बिल्डिंग, जाळीसकट’ हे अरबीत काय? त्याने लिहून दिलं आणि वर विचारलं, “हबीबी, विकतोयस का?”

मग हेल्पलाइनला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलणारी. म्हणाली, “सर, इज द साइट आर्किऑलॉजिकल?”

“नो मॅडम. ओन्ली द प्लंबिंग.”

ती हसली नाही. म्हणाली, मालकाची संमती जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. हे म्हणजे कोंबडी वाचवायला खाटकाची सही आणण्यापैकी झालं. पण मागे हटेल तो नूरुद्दीन कसला! मी चांगला शर्ट घातला, जोकिमकडून परफ्यूम मारून घेतला आणि मालकाच्या घरी गेलो.

इतकी वर्षं दुबईत काढली, पण अमिराती माणसाच्या घरात पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, आता फार म्हातारे झालेत. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, गादीला टेकून बसलेले, बाजूला दोन मुलगे फोनमध्ये डोकं घालून. टॉवर त्या दोघांना पाहिजे होता हे बघताक्षणी कळलं. मला गहवा दिला, त्यांची ती कडू अरबी कॉफी. पुरे झाला की कप हलवायचा असतो, नाहीतर ओतणारा ओततच राहतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण भाषण पाठ करून गेलेलो, कप हलवायचं विसरलो. किती प्यालो अल्लाला माहीत. हात थरथरायला लागला तेव्हा कप आपोआप हलला आणि सुटका झाली.

मी माझं भाषण केलं. वारसा, इतिहास, संस्कृती. मुलगे वर बघेनात. अर्बाबांनी डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. मग एकदम हिंदीत विचारलं, “सीढी में अभी भी मच्छी का खुशबू आता है?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजराचे बांगडे! खोटं कसं बोलायचं?

“जी अर्बाब. आता है.”

“मेरा पहला बिल्डिंग,” ते म्हणाले. “मैं रोज जाता था. भाडा लेने नहीं. वो खुशबू के लिए. मेरा बाप मच्छी बेचता था.” आणि सही केली. मुलगे उठून काहीतरी बोलायला लागले, तर म्हातारा अरबीत एवढ्या जोरात ओरडला की मीच पहिला उठून उभा राहिलो.

महिन्याभरात मेसेज आला. सरकारची कमिटी पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार. आणि इथून आमच्या अकलेची पाहणी सुरू झाली.

आता तुम्हीच सांगा, घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपली माणसं काय करतात? कोकणात मुलीला बघायला येणार असले तरी भिंतीला चुना लागतो. आणि इथे तर साक्षात सरकार येणार! विलास शुक्रवारी मुसफ्फाहून आला तो मेजर टेप घेऊनच.

“नूरुद्दीनभाई, आधी ही जाळी झाका. कबुतरांनी संडास करून ठेवलाय. माझ्याकडे सिल्व्हर पॅनल पडलेत, एका बँकेचं काम होतं, उरले. दोन दिवसांत फिट करतो. बिल्डिंग एकदम एअरपोर्ट दिसेल.”

मी म्हणालो, वा! रंग मी निवडला. बाहेरून बदामी, कडेला चॉकलेटी. अजराने एका डब्याची किंमत विचारली. “पंचाहत्तर दिरहम? म्हणजे सतराशे रुपये? एका डब्याला?” मी म्हटलं, वारशाला किंमत नसते. जोकिमने हॉटेलातून जुना लाल गालिचा आणला, दोन प्लॅस्टिकचे माड आणले आणि ‘गेस्ट’ला वेलकम ड्रिंक काय द्यायचं यावर पॉलिनशी भांडण केलं.

एकटी अजरा जिन्यात उभी राहून म्हणाली, “ती माणसं जुनं बघायला येतायत ना? मग जुनं तसंच राहू दे की.”

आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, “अगं, सरकारी कामातलं तुला कळत नाही.” हे वाक्य त्यानंतर मला माझ्याच घरात इतक्या वेळा, इतक्या वेगवेगळ्या सुरात ऐकवलं गेलंय की मी ते बोललो नव्हतो असं आता मी शपथेवर सांगायला तयार आहे.

कमिटी आली. डॉक्टर मौझा म्हणून एक अमिराती बाई आणि दोन तरुण इंजिनियर. बाईंच्या हातात बिल्डिंगचा जुना फोटो. गाडीतून उतरून समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. फोटो बघितला, आमच्याकडे बघितलं. परत फोटो बघितला. मग रस्ता ओलांडून आल्या आणि लाल गालिच्यावर उभ्या असलेल्या मला, होय मलाच, विचारलं, “एक्सक्यूज मी, जाळीवाली बिल्डिंग कुठली?”

“हीच, मॅडम.”

“पण जाळी कुठाय?”

विलास अभिमानाने पुढे आला. “बिहाइंड, मॅडम! फुल्ली कव्हर्ड! टेन इयर्स गॅरंटी!”

उन्हात ते पॅनल असे चमकत होते की बाईंना डोळ्यांवर हात धरावा लागला. मग त्या शांतपणे म्हणाल्या की या शहरात अशी जाळी आता फारच थोड्या ठिकाणी उरलीय, आणि त्या फक्त ती जाळी बघायला आल्यात.

“करायला गेलो गणपती आणि झाला मारुती,” विलास माझ्या कानात म्हणाला. जसं काही गणपती मी केला होता आणि मारुती दुसऱ्या कुणी! जोकिमने वेलकम ड्रिंकचा ट्रे तसाच मागे नेला. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तो लाल गालिचा माझ्यावर गुंडाळून घ्यावा. घर गेलं. माझ्या हाताने गेलं.

तेवढ्यात जिन्यातून अजराचा आवाज आला. “विलासभाई, पाना आहे ना? मग काढा की! फिट केलं ते निघत नाही का?”

विलास पळत गेला. पॅनल फक्त स्क्रूने मारलेले होते, त्याने एक काढला. आतून धूळ, पिसं आणि दोन दिवस कोंडलेलं एक कबुतर बाहेर आलं, ते फडफडत जाऊन लाल गालिच्यावर बसलं आणि गेस्टसारखं चालायला लागलं. दुसरा पॅनल निघाला, तिसरा निघाला, आणि जिन्यात ऊन आलं. पायऱ्यांवर, भिंतीवर, अजराच्या ओढणीवर, सगळीकडे फुलंच फुलं. इतकी वर्षं रोज चढलो उतरलो, मी कधी थांबून बघितलं नव्हतं.

डॉक्टर मौझा वर गेल्या आणि जाळीच्या एका फुलाला डोळा लावून खाली बघायला लागल्या. अजरा त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिचं हिंदी आणि बाईंचं हिंदी, दोन्ही मोडकं, पण जमलं.

“मैं भी ऐसे ही खडी रहती थी,” अजरा म्हणाली. “ये कमर पे बच्ची. नया नया आयी थी, किसी को पहचानती नहीं थी. इनकी कंपनी की बस उधर रुकती थी. चाल देख के समझ जाती थी, आज छुट्टी मिला कि नहीं, गाव जाने को मिलेगा कि नहीं. ये ऊपर आने से पहले मैं रो के हो जाती थी. फिर दरवाजा खोलती थी.”

बाईंनी तिला परत सांगायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. आणि मी, जो चाळीस वर्षांचे कागद शिस्तीत लावतो, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ती दार हसत उघडायची एवढंच मला माहीत होतं. नाक जोरात शिंकरायला मी खाली कबुतराकडे गेलो.

आम्हाला मान मिळाला. खरंच मिळाला! डॉक्टर मौझा स्वतः सांगायला आल्या. गच्चीवर सगळे जमलो. अजराने सांदणं केलेली, पॉलिनने केक, विलास पहिल्यांदाच अॅल्युमिनियमचा कसलाही नमुना न घेता आला. बाई म्हणाल्या, “आता ही बिल्डिंग कुणालाही पाडता येणार नाही.” काय टाळ्या पडल्या! जोकिमने मला मिठी मारली. नबिलासुद्धा म्हणाली, “अब्बा, आय ॲम प्राउड ऑफ यू,” आणि हे मी तिला परत म्हणायला लावलं.

मग बाई म्हणाल्या की बदामी रंग खरवडून मूळचा काढायचाय, पाइप बदलायचेत, म्हणून काम लवकर सुरू होईल आणि तोपर्यंत बिल्डिंग रिकामी लागेल.

“आणि आम्ही परत कधी यायचं?” मी विचारलं.

बाई थोड्या गोंधळल्या. कुणी आम्हाला सांगितलं असेल असं त्यांना वाटलं होतं. “ही आता राहायची जागा नसेल. लोक बघायला येतील. करामात माणसं कशी राहायची ते.”

बाईंनी तारीख सांगितली तेव्हा हिशेब लागला. मालकाने वर्ष दिलं होतं, आणि मी अर्जावर अर्ज करून, गहवा पिऊन, सरकारच्या हातापाया पडून त्यातले चार महिने कमी करून आणले होते.

“म्हणजे बिल्डिंग वाचली,” जोकिम म्हणाला, “आणि आपण पडलो.”

मला कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अजराने फक्त सांदणाचं ताट उचललं आणि बाईंपुढे धरलं. “लो मॅडम. गरम है.”

आम्ही शारजाला गेलो. जोकिम आणि पॉलिन करामाजवळच अल मनखूलला. आमच्या नव्या बिल्डिंगला जिम आहे, पण मी तिथे कपडे वाळत घालत नाही, ड्रायर आहे. बिल्डिंग उघडली तेव्हा खास निमंत्रण आलं. मी सूट घातला, नवे बूट घातले. पाहुणा म्हणून जायचं तर पाहुण्यासारखं गेलं पाहिजे. अजराचे गुडघे दुखतात, ती नबिलाचा हात धरून मागून हळूहळू जिना चढत होती, आणि मी तरातरा पुढे जाऊन आमच्याच फ्लॅटमध्ये शिरलो. दारावर लिहिलं होतं: ‘एका कुटुंबाचं घर’.

आत सगळं चूक! टीव्ही खिडकीजवळ. खिडकीजवळ कोण ठेवतं, ऊन येतं ना तोंडावर! शेल्फवर पितळेचा उंट. उभ्या आयुष्यात आमच्यापैकी कुणी उंट विकत घेतला नाही, आम्ही फार तर उंटावरून शेळ्या हाकल्या. मी तिथल्या गाइड पोराला हे सगळं समजावत होतो, तो “यस सर, प्लीज डोंट टच सर” म्हणत होता, आणि दारात अजरा आली. तिने चपला काढल्या. एका बाजूला सारून ठेवल्या.

“मॅडम, नो नीड,” दारावरचा गार्ड म्हणाला.

अजराने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने माझ्या पायांकडे बघितलं. “अहो! बूट घालून कुठे आत?”

मी मुकाट बाहेर आलो आणि बूट काढले. नबिलाने काढले. मागून एक गोरं कुटुंब चढत होतं, त्यांनी आमच्याकडे बघितलं, आपसात काहीतरी बोलले आणि तेही वाकून लेस सोडायला लागले. त्यांच्या मागे शाळेची मुलं होती. बघता बघता दाराबाहेर ढीग झाला, जिन्यापर्यंत गेला. गार्ड मला विचारतो, “सर, इज इट रूल?”

“येस,” मी म्हणालो. “व्हेरी ओल्ड रूल.”

अजरा आत जाऊन वळली. दारात अनवाणी उभ्या असलेल्या त्या सगळ्या परक्या माणसांकडे बघून तिने ओढणी डोक्यावर घेतली. “या ना, या,” ती म्हणाली, चक्क मराठीत. “बसा. पंख्याखाली बसा. चहा टाकते.” आणि सरळ किचनकडे निघाली. किचनच्या दाराला दोरी बांधलेली होती, आत जाण्यास मनाई. ती दोरीपाशी जाऊन थांबली.

गार्ड माझ्याकडे बघत होता, गाइड माझ्याकडे बघत होता. मी त्यांच्याकडे न बघता पुढे गेलो आणि दोरीचा हूक काढला.